ठोकेमामांची हवाबंद डबी

ठोकेमामांचे हात कधी गप्प बसले नाहीत. हातात पत्र्याची कात्री नसेल तर बोटं टेबलावर, गुडघ्यावर, शेजारच्या माणसाच्या खुर्चीवर टकटक करत असायची. म्हणून तर हे नाव पडलं. खरं आडनाव बाजारात कुणाला ठाऊक नव्हतं आणि मामांनी ते सांगायची तसदीही घेतली नाही. बादल्या, नरसाळी, धान्याचे डबे करावेत, गळकी भांडी कथलाची झाळ देऊन सांधावीत, एवढाच त्यांचा संसार. मामी म्हणायच्या, "झोपेतसुद्धा पलंग वाजवतात. मी आपली उशीत डोकं खुपसून पडते."

त्या सकाळी तर हातांना नुसता ऊत आला होता. आदल्या संध्याकाळी परगावाहून वहिनींचा फोन आला होता.

"भावोजी, उद्या दुपारी ह्यांच्या घशाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात जिवाला धोका नाही, पण आवाज जाणार. कायमचा. त्याआधी हे तुम्हाला स्वतः फोन करणार आहेत. फोन जवळ ठेवा बरं का."

स्वतः! दादा आणि स्वतः फोन करणार! मामा रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिले.

दोघं भाऊ एकेकाळी वडिलांच्या कारखान्यात शेजारी शेजारी बसायचे. तिथल्या ठोकाठोकीत बोललेलं ऐकू यायचं नाही, म्हणून सगळा कारभार खुणांचा. धाकट्याने डबा करायचा, थोरल्याने तो तपासायचा. दादा डब्यात पाणी भरायचा, मग रिकामा करून उजेडासमोर धरायचा आणि सगळं ठीक असलं की बुडावर बोटाच्या पेराने दोनदा वाजवायचा. टक टक. पास. त्या दोन ठोक्यांसाठी मामा जीव टाकायचे. मग एकदा एक डबा गळला, आणि दादा भर गिऱ्हाइकासमोर म्हणाला, "ह्याच्या झाळीतून पाणी काय, हवासुद्धा जाते." मामा तसेच उठले, ते थेट दुसऱ्या गावात दुकान थाटूनच थांबले. त्यानंतर दोघांमध्ये जे काही बोलणं झालं ते बायकांच्या तोंडून.

"तुम्हीच लावा की फोन," मामी सकाळी म्हणाल्या.

"तो करतो म्हणालाय ना? मग मी कशाला मध्ये तोंड घालू?"

"आजच्या दिवशी तरी नाक जरा खाली ठेवा."

मामांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. खरं तर त्यांना भीती वाटत होती. आपण फोन लावायचा आणि दादाने उचलून नुसतं "हं, बोल" म्हणायचं. मग काय बोलायचं?

एवढ्यात, वाजतोय का बघायला म्हणून उचललेला फोन हातातून सटकला आणि बादलीच्या काठावर आपटून खाली पडला. काचेला तडा गेला. चालू होता म्हणून बरं. घरात एवढाच एक फोन. आता पुन्हा पडला आणि बंदच झाला तर? ह्या हातांचा काय भरवसा?

मग मामांनी त्यांना सुचण्यासारखं होतं तेच केलं. कोपऱ्यातला बिस्किटांचा रिकामा डबा ओढला, उभा कापला, कडा दुमडल्या, लाकडी हातोड्याने हलके हलके बसवल्या. तारेची बिजागरी केली. घट्ट मिटणारं झाकण. मग सळई तापवून कडेकडेने कथील असं ओघळवलं की झाळ कुठे सुरू झाली नि कुठे संपली ते कळू नये. सवयीने त्यात पाणीसुद्धा भरून बघितलं. फोनच्या डबीत पाणी! मामी कपाळाला हात लावून आत गेल्या. थेंब गळला नाही. मामांनी डबी पुसून वाळवली, आत जुन्या स्वेटरचा तुकडा चिकटवला आणि फोन ठेवून झाकण दाबलं. आतला आवाज बाहेर येतो का, हेही बघितलं. गजर लावला, तर डबीतून खणखणीत ऐकू आला. झालं! आता फोन कितीही पडला तरी बेहत्तर.

डबी खिशात घालून मामा कामाला बसले. बसले म्हणजे काय, उठले, बसले, दारापर्यंत गेले, परत आले. घडीघडी झाकण उघडायचे, घड्याळ बघायचे, फट्कन मिटायचे. हातातल्या नरसाळ्याचं तोंड वाकडं झालं. जेवायला बोलावलं तर मामींवर खेकसले. दुपार झाली, कलली.

"मोठा माणूस आहे!" मामा भिंतीकडे बघून म्हणाले. "आम्हाला फोन करायचा तर बोटं झिजतात त्याची." राग बोलत होता, पण डोळे भरून आले होते. दादाचा आवाज आता गेलाही असेल.

शेवटी राहवेना, तेव्हा ते शेजारच्या मोबाईलच्या दुकानात गेले. "बघ गं पोरी, बिघडलाय का हा."

पोरीने डबी उघडली, फोन काढून काउंटरवर ठेवला, डबी कौतुकाने फिरवून बघितली. तेवढ्यात फोन वाजला.

"अहो भावोजी!" पलीकडे वहिनी होत्या. "किती वेळा लावला ह्यांनी! आत नेईपर्यंत लावत होते. सारखा बंदच. काय बोलायचं होतं ते मलाही नाही सांगितलं."

"बंद?" मामांनी पोरीकडे बघितलं. ती हळूच म्हणाली, "मामा, एवढ्या घट्ट पत्र्याच्या डबीत रेंज कशी येणार? आत शिरायला कुठे फटच ठेवली नाहीत तुम्ही."

दुसऱ्या दिवशी मामा दवाखान्यात पोहोचले. दादा उशांना टेकून बसला होता. गळ्याभोवती पट्ट्या, एका हाताला सलाईन. उशाशी लिहायला पाटी ठेवलेली, तिला त्याने हातही लावला नव्हता. वाटेत ठरवलेलं सगळं मामा विसरले. त्यांनी खिशातून डबी काढली आणि तिच्याकडे बोट दाखवत कसंबसं म्हणाले, "दादा, मी वाटच बघत होतो रे. हिच्यामुळे... हिच्यात तुझा फोन आलाच नाही."

दादाने मोकळा हात पुढे केला. डबी घेतली. झाकण उघडलं, मिटलं. झाळीवरून अंगठा फिरवला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सावकाश. मग डबी उघडून खिडकीच्या उजेडासमोर धरली आणि एक डोळा मिटून बघत राहिला. मामांचे हात कधी नव्हे ते स्थिर होते.

दादाने डबी मांडीवर पालथी घातली आणि बुडावर पेराने दोनदा वाजवलं.

मामांना हुंदका आवरला नाही. ते खाटेच्या कडेवर बसले आणि लहान भावाने हट्ट करावा तसे म्हणाले, "दादा, परत वाजव ना."

दादाने परत वाजवलं.