लोणच्याच्या बाटलीतला गूळ

आमची कुत्री त्या उन्हाळ्यात पाणी प्यायची ते बघून धडकी भरायची. वैशाली नगरात नळ सकाळ-संध्याकाळच यायचा आणि ही बया दुपारपर्यंत बादली संपवायची. मग घरभर लघवी. बाबा स्टील प्लांटमध्ये क्लार्क होते. ऑफिसातून आले की त्यांचा पहिला पाय नेमका ओल्यात पडायचा. शेवटी ते रात्री तिचं भांडं उपडं ठेवायला लागले. ती ते नाकानं ढकलत बसायची आणि मला बाबांचा भयंकर राग यायचा.

जनावरांच्या डॉक्टरांनी सकाळची पहिली लघवी तपासायला मागितली. शेजारच्या काकूंनी आदल्याच दिवशी आमची लोणच्याची बाटली परत केली होती, तीच आईनं माझ्या हातात दिली. मी म्हटलं, "धुतली का?"

"कुत्रीच्या मुतासाठी बाटली कायले धुवाची?" आई म्हणाली. मलाही ते पटलं.

सकाळी बाटली घेऊन मी तिच्यामागे अंगणभर हिंडले. मी जवळ गेले की ती उठायची. अखेर तिलाच माझी कीव आली.

बाबा नि मी बाटली घेऊन दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी काचेच्या नळीत निळं औषध घेतलं, त्यात लघवीचे थेंब टाकले आणि नळी दिव्यावर धरली. निळ्याचं हिरवं झालं, पिवळं झालं, मग थेट विटेसारखं लाल. "शुगर है," ते म्हणाले. "रोज सुई लगानी पड़ेगी, ज़िंदगी भर."

घरी आल्यावर बाबांनी बाटली मोरीत ठेवली. मग म्हणाले, "रोज सुया टोचून तिचे हाल नाही करत मी. डॉक्टरले सांगतो, एकदाच शेवटची सुई देऊन टाका."

मी एवढ्यानं रडले की काकू धावत आल्या. आई त्यांना सगळं सांगत होती, तेवढ्यात तिचं लक्ष मोरीतल्या बाटलीकडे गेलं. बाटलीला मुंग्या लागल्या होत्या.

"पाहा, किती शुगर आहे ते," आई म्हणाली आणि थबकली. "पण अंगणात तर ही रोज मुतते. तिथं एकबी मुंगी नाही."

काकूंनी कपाळावर हात मारला. "अवं बाई, मी त्याच्यात गूळ टाकून देल्ला होता ना! रिकामी बाटली कशी वापस करू?"

आईनं तो गूळ डब्यात काढला होता. तळाला चिकटलेला तसाच राहिला होता.

दुसऱ्या दिवशी आईनं बाटली उकळून दिली. नळीतलं निळं निळंच राहिलं. मला डॉक्टरांना मिठी मारावीशी वाटली. लघवी मात्र पाण्याइतकी पातळ निघाली. शरीरात पाणी धरून ठेवणारा एक हार्मोन हिच्यात कमी पडत असावा, असं ते म्हणाले. त्याचं औषध इथं मिळणं कठीण, पण हवं तेवढं पाणी दिलं आणि वेळेवर बाहेर नेलं तर ती चांगली जगेल. पाणी मात्र कधीच तोडायचं नाही.

"रात को भी?" बाबांनी हळूच विचारलं.

"रात को तो ज़रूर."

त्या संध्याकाळी नळ आल्यावर बाबांनी आधी तिचं घमेलं काठोकाठ भरलं. आई गालात हसली, तसे ते म्हणाले, "रिकामं भांडं ठेवू नाही, काकूच म्हणत होत्या ना?"

ती कितीतरी वेळ पाणी पीत राहिली, आणि बाबा दुसरी बादली घेऊन शेजारी उभे राहिले.