कुहीतली एक पोस्ट

"मॅडम, कुही तालुक्यातल्या त्याच त्या गावांत आपल्या दोन बायका कशासाठी फिरतात?"

पुण्याहून आलेले आमचे डायरेक्टर नागपूरच्या ऑफिसात बसून विचारत होते. प्रश्न त्यांचा नव्हता, फार वरून आला होता. आमच्या कामाला एका परदेशी सरकारची मदत मिळायची, एका आंतरराष्ट्रीय आरोग्य संस्थेमार्फत. त्या सरकारनं आता अट घातली होती: संस्थेनं आधी आपला कारभार सुधारावा, दुहेरी खर्च थांबवावा, मगच पुढचा फंड. संस्थेनं ती सुधारणा ढकलत ढकलत आमच्या टेबलापर्यंत आणली.

"एक बीपी तपासते, दुसरी सिकलसेल. कामं वेगळी आहेत, सर."

"गावं तीच ना? यालाच डुप्लिकेशन म्हणतात. एक पोस्ट ठेवा. कोणाला ठेवायचं ते तुम्ही ठरवा."

मला भयंकर राग आला. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार. आई आणि वडील, दोघांकडून दोष आला तर मूल जन्मभर दुखणं सोसतं. म्हणून लग्नाआधी तपासणी हवी. ते काम मंदाताईंचं, बीपीचं रेखाचं. रेखाचे आकडे भरघोस, मंदाताईंचे अगदीच किरकोळ. कागदावर पाहिलं तर मंदाताई जाणार हे उघड होतं. मी सरळ कुही गाठलं.

"ताई, तपासण्या इतक्या कमी कशा?"

"मॅडम, मी आली का दार लावून घेतात. घरात पोरीचं लग्न जुळून राहिलं असते. शेजारी म्हणते, सिकलवाली बाई यांच्या घरी काहून आली? झालं, मोडली सोयरिक."

"मग रेखाला कसं घरात घेतात?"

"ते तं साऱ्यायचाच बीपी तपासते ना."

ज्या सुधारणेच्या नावानं मी बोटं मोडत होते, ती इथे नेमकी कामाची होती. दोन्ही कामं एकीनंच केली, तर ती कोणत्या कामाला आली हे शेजाऱ्याला कळणारच नाही. बीपी मोजणं कोणालाही शिकवता येतं. लग्नाच्या मुलीच्या आईशी कसं बोलायचं, ते नाही. मी मंदाताईंचं नाव दिलं.

मंदाताई बीपीचं मशीन घेऊन फिरू लागल्या आणि दारं उघडली. एका आईनं तर शेजारी ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगितलं, "आधी माहा बीपी पाहा वं, बाई!" आणि हळूच मुलीचा हात पुढे केला.

डायरेक्टर खूश झाले. संस्थेच्या अहवालात कुहीचं उदाहरण आलं. फंड सुटला.

रेखाला पोस्ट गेल्याचा फोन मात्र मीच केला होता. ती म्हणाली, "मॅडम, माह्या कामात काही चुकलं का?"

"नाही वं. काहीच चुकलं नाही."

मला फार वाईट वाटलं. पोस्ट एक करणं योग्यच होतं, हे मी आजही म्हणते. फक्त सुधारणेची अट घालणाऱ्यानं असा एक फोन स्वतः करून पाहावा.