कपाटाला टेकलेली गिटार

शूटिंगवाली मंडळी घरात शिरली आणि सगळ्यात आधी त्यांनी काकूंचं शिलाई मशीन उचलून भिंतीपाशी नेलं. काकूंच्या कपाळाला आठी पडली. त्या मशीनला नवऱ्यानेसुद्धा कधी हात लावला नव्हता, आणि ही कालची पोरं खुशाल त्यावर वायरींची भेंडोळी ठेवत होती. पण आज काकूंना काळजी वेगळीच होती.

माहितीपट त्यांच्या नवऱ्यावर होता. नवरा म्हणजे बुवा. बोलणं फार कमी, म्हणून बँडमध्ये कुणीतरी मौनीबुवा म्हटलं आणि पुढे नुसतं बुवा उरलं. दिवसा चष्म्याच्या दुकानात काचा घासायच्या आणि संध्याकाळी बेस गिटार वाजवायची. बेस म्हणजे चार जाड तारांची, खालच्या आवाजाची गिटार. बँडमध्ये गायकाकडे सगळे बघतात, ड्रमवाल्याकडे पोरं बघतात, आणि बेसवाल्याकडे फारतर वायरमन बघतो, त्याचा पाय वायरीत अडकू नये म्हणून. बुवांनी जन्मभर हेच केलं आणि दोन वर्षांपूर्वी ते झोपेतच, कुणाला तसदी न देता गेले. गेल्यावर सगळ्यांना एकदम त्यांची आठवण झाली. हे तर नेहमीचंच.

काकूंना भीती होती ती एका प्रश्नाची. तुम्ही त्यांचे कार्यक्रम बघायला जायचात का? आता हा प्रश्न कुणीही विचारणार, आणि खरं उत्तर असं होतं की काकू आयुष्यात एकदाच गेल्या होत्या, आणि तेही अर्धवट.

लग्न नवं होतं तेव्हा मोठ्या हौसेने गेल्या. पहिल्या रांगेत जागा आणि पुढ्यात माणसाएवढा स्पीकर. दुसऱ्या गाण्याला पोटात ढवळायला लागलं आणि तिसऱ्याला त्या शेजारी बसलेल्या आयोजकांच्या नव्याकोऱ्या बुटांवर ओकल्या. स्टेजवरून बुवांनी ते बघितलं आणि तरी वाजवणं थांबवलं नाही. तो राग काकूंनी बरीच वर्षं जपून ठेवला. घरी आल्यावर बुवा एवढंच म्हणाले, "राहू दे. घरी ऐकतेसच की." त्यानंतर ते कधी 'चल' म्हणाले नाहीत. काकूंनीही विषय काढला नाही. पुढे मुलगी झाली, शिवणाचं काम वाढलं, शाळा उघडायच्या सुमाराला तर गणवेशांचा ढीग खांद्यापर्यंत येई. न जाण्यासाठी कारण शोधावंच लागलं नाही.

नणंदेने मात्र हे कधी विसरू दिलं नाही. "साऱ्या गावाने टाळ्या वाजवल्या माझ्या भावाला. घरच्या माणसाचे हात तेवढे रिकामे नव्हते." बुवा होते तोवर काकू हे हसण्यावारी नेत. ते गेले आणि ते वाक्य घरात मुक्कामाला आलं. ह्यांना खरंच वाईट वाटत होतं का, हे विचारायचं राहून गेलं होतं, आणि आता विचारायला माणूस नव्हता.

आणि घरी ऐकणं तरी काय होतं! दोन खोल्या, खाली घड्याळाचं दुकान. बुवांनी ॲम्प्लिफायर लावला की घड्याळवाला झाडूच्या दांड्याने छत बडवायचा. म्हणून बुवा कार्यक्रम नसलेल्या संध्याकाळी आतल्या खोलीत स्टुलावर बसत आणि गिटारचं डोकं लाकडी कपाटाला घट्ट टेकवून वाजवत. विजेशिवाय त्या गिटारचा आवाज डासाएवढा. पण कपाटाला टेकली की अख्खं कपाट बोलायला लागे. आतले हँगर किणकिणत. बाहेरच्या खोलीत काकूंचं मशीन, मशीनखाली चिंध्यांची बाहुली करत बसलेली मुलगी, तेलाचा वास, आणि भिंतीतून येणारी ती घुमघुम. काकू तेव्हा करवादायच्या की डोकं उठतं. आता घर इतकं गप्प असे की त्या कधीकधी उगीचच रिकामं मशीन चालवून बघत.

दिग्दर्शिका तरुण मुलगी होती. तिची अडचण निराळी. बुवांवर फिल्म करायची, पण बुवा सापडतच नव्हते. जुन्या फोटोंत ते गायकाच्या खांद्याआड, कुठे नुसतं कोपर. जुन्या टेपांवर बेस ऐकूच येत नव्हता. गायकाची मुलाखत घेतली तर तो भरभरून बोलला, पण स्वतःवरच. मदतीला आला तो एकटा म्हातारा ड्रमवाला, आणि आज तोही काकूंच्या खाटेवर, चहाचा कप धरून बसला होता.

"काकू," दिवे लागल्यावर दिग्दर्शिकेने विचारलं, "काकांचं कुठलं गाणं तुम्हाला सगळ्यात आवडायचं?"

प्रश्न तो नव्हता, पण त्याच वाटेवरचा होता. काकूंना थाप मारता आली असती. सगळीच आवडायची म्हटलं असतं तर काम भागलं असतं. पण त्या दिव्यांच्या उजेडात त्यांना खोटं बोलवेना.

"मी त्यांचं गाणं ऐकलंच नाही गं," त्या म्हणाल्या. "एकदा गेले होते, तर ओकून परत आले. मला आपलं कपाटातून येई तेवढंच ठाऊक."

कुणीतरी फिसकन हसलं. दिग्दर्शिकेने त्याच्याकडे डोळे वटारून बघितलं आणि ती हळूच म्हणाली, "मग तेच म्हणून दाखवता?"

काकू लाजल्या. घसा खाकरला. मग मांडीवर बोटं आपटत जाड आवाजात सुरू झाल्या, "डूं, डूं-डु-डूं, डु-डूं..." ना शब्द, ना चाल. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. पण ड्रमवाल्याने कप खाली ठेवला होता. त्याने मशीनच्या फळीवर ताल धरला आणि तो काकूंच्या डूं-डूंवर आपल्या फाटक्या आवाजात शब्द गायला लागला. ते बँडचं सगळ्यात गाजलेलं गाणं होतं. समोरच्या चहावाल्याच्या रेडिओवर काकूंनी ते शेकडो वेळा ऐकलं होतं.

"अगंबाई! हे ते होय?" काकू थांबल्याच. "हे ह्यांचं आहे?"

"बुवांशिवाय हे उभंच राहात नाही, वहिनी. चालू ठेवा तुम्ही."

मग दुसरं निघालं. काकूंना सगळं येत होतं, कुठे थांबायचं, कुठे खाली उतरायचं. दिग्दर्शिका तर श्वास रोखून ऐकत होती. मध्येच एका ठिकाणी काकूंनी हात वर केला. "इथे आधी ते काहीतरी भरभर वाजवायचे. पण ते नको म्हटल्यावर असं केलं."

ड्रमवाल्याचा ताल थांबला. "कोणी नको म्हटलं?"

"मीच की. माझा पाय अडखळायचा हो मशीनवर, शिवण वाकडी जायची. मग मी इथूनच ओरडायचे, हे नको, मघाचंच बरं होतं म्हणून. मला काय कळतंय त्यातलं? कामाचा खोळंबा होई, म्हणून आपली ओरडायचे."

ड्रमवाल्याने चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला. त्या काचा बुवांनीच घासलेल्या होत्या.

"वहिनी," तो म्हणाला, "हा माणूस जन्मात कुणाशी भांडला नाही. गायक सांगेल ती पूर्व दिशा. पण एखादी जागा बदल म्हटलं की अडून बसायचा. का, तर म्हणे, 'हे घरी पास झालंय.' आम्हाला वाटायचं, ह्याने घरी कुणी उस्ताद ठेवलाय. एकदा गायक चिडून म्हणाला, आण की तुझ्या उस्तादाला, बघू तरी. तर हसून म्हणतो कसा, 'नाही येणार. मोठा आवाज सोसत नाही त्यांना.'"

 काकूंना एकदम रागच आला, अगदी बुवा समोर बसले असल्यासारखा.

"मग एकदा तरी मला सांगायला काय झालं होतं ह्यांना? हातातलं काम टाकून नीट बसून ऐकलं असतं मी!"

"म्हणूनच सांगितलं नसेल," ड्रमवाला म्हणाला. "नीट बसून ऐकलं असतंत, तर सगळंच छान म्हणाल्या असतात."

काकूंना हसू आलं आणि रडूही आलं, आणि दोन्ही कॅमेऱ्यासमोरच आलं. दिग्दर्शिकेने विचारलं, "थांबूया का, काकू?"

"थांबायचं कशाला?" काकू म्हणाल्या. "अजून बाकीची गाणी आहेत."