गड उतरणारी दोघं

आम्ही दोघी एकाच शाळेत चित्रकला शिकवत होतो आणि रविवारी रामशेजच्या किल्ल्यावर जाऊन चित्रं काढायचो. जागा एक, ऊन तेच, रंगांचा डबाही बऱ्याचदा एकच. तरी गंगापूर रोडवरच्या प्रदर्शनात तिचं चित्र लागलं, माझं परत आलं.

उद्घाटनाला मी गेले. गेले नसते तर मला लागलंय हे तिला कळलं असतं.

चित्रात वर पडकी तटबंदी, खाली वाळलेल्या गवताची उतरण आणि पायऱ्यांवर बोटाच्या पेराएवढी दोन माणसं. ती चहा आणायला गेली, तेवढ्यात मी चुका शोधू लागले. बुरुजाची सावली डावीकडे लांब पडली होती, माणसांची मात्र पायाखालीच. मला बरं वाटलं.

शेजारी टोपी घातलेले एक म्हातारे शेतकरी येऊन उभे राहिले. "बाई, हे तुमचं का?"

"नाही, मैत्रिणीचं." मग न विचारताच मी सांगितलं, "किल्ला केवढा मोठा ते कळावं म्हणून माणसं घातलीत. बाकी काही नाही."

त्यांनी मान हलवली. "नाय. ही दोघं गड उतरतायत. चढणारा पुढं वाकतो, उतरणारा मागं रेलतो. मागच्या बाईचा हात बघा, गुडघ्यावर हाय. पुढचा वळून बघत नाय, पण तिच्यासाठी पाऊल हळू टाकतोय. लय वर्षांचा संसार दिसतो."

मी वाकून पाहिलं. ते सगळं खरंच तिथं होतं. इतके रविवार त्या पायऱ्यांवरून माणसं गेली. मी फक्त ती बाजूला होण्याची वाट बघत बसायचे.

ती चहा घेऊन आली तोवर ते पुढं गेले होते.

"काय म्हणत होते गं?"

"दगड छान जमलेत म्हणाले."

"एवढंच?"

"एवढंच."

ती हिरमुसली. ती दोन माणसं आपण किती वेळा पुसून पुन्हा काढली, हे तिनं परतताना रिक्षात सांगितलं. पंचवटीच्या गर्दीत रिक्षा बराच वेळ अडकली होती. बोलायला भरपूर वेळ होता. म्हाताऱ्यांचं बोलणं मी तेव्हाही सांगितलं नाही.

यंदा ती येवल्याच्या शाळेत गेली. फोन होतात, पण ते अजून सांगितलेलं नाही. आता मी एकटीच रामशेजला जाते आणि उतरणारी माणसं काढून बघते. माझ्या कागदावर ती सगळी नुसती उभी असतात.