एक ते चार शटर बंद

राजकोटमध्ये दुपारी एक ते चार दुकान उघडं ठेवणारा माणूस एकतर परगावचा असतो, नाहीतर बायकोशी भांडून आलेला. मी गिरधर, गाठियावाला. पहाटे कढई चढते, एकच्या ठोक्याला शटर अर्ध्यावर येतं, ताकाचा पेला रिकामा होतो आणि मी फरशीवर आडवा होतो. त्या वेळात मला उठवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा मी उद्धार करतो, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे.

जलपा हिंगू क्रिकेट शिकली ती याच वेळात. एरवी आमच्या गल्लीत पाऊल ठेवायला जागा नसते, दुपारी मात्र ती मैदानासारखी मोकळी. तिचे वडील कानजीभाई, समोरचे दरजी. त्यांना दुपारची झोप कधी लागलीच नाही. काठियावाडात जन्मून असला माणूस मी दुसरा पाहिला नाही. गळ्यातली टेप तशीच लोंबत ठेवून ते लेकीला बॉल टाकत.

एकदा बॉल माझ्या शटरवर धाडकन आदळला. मी लुंगी सावरत बाहेर आलो, तोंडाचा पट्टा सोडला आणि तिची बॅट बेसनाच्या पिंपात खुपसली. संध्याकाळी माझ्या बायकोनं, लाभुबेननं, ती झटकून परत दिली, वर गाठियाचा पुडाही दिला. पण कायदा ठरला तो ठरला. बॉल जमिनीवरून गेला तर खेळ चालू, शटरला लागला तर बॅट बेसनात.

पोर मग जमिनीवरूनच मारायला शिकली. उभ्या स्कूटरच्या दोन चाकांमधून, गटाराच्या कडेकडेनं बॉल सरपटत गल्लीच्या टोकाला जायचा आणि मी घोरत असायचो. त्याच फटक्यांवर ती राज्याच्या संघात गेली, मग लीगमध्ये. खेळणं हीच नोकरी झाली तिची. क्षेत्ररक्षक वाकेपर्यंत बॉल दोरीला टेकलेला असे. पेपरवाल्यांनी गुरू कोण विचारलं, तर म्हणाली, ‘गिरधरकाकांची झोप.’ ते कात्रण मी काचेत लावलं. का लावू नये? तालीम माझ्याच दारात झाली होती.

पण दिवस बदलले. नव्या पोरी उठसूट षटकार मारू लागल्या. वैशाखात जलपा घरी आली ती चेहरा पाडून. दुकानात बसली, गाठियाला हात लावीना.

“कोच म्हणाले, चौके सुंदर आहेत, पण शेवटी मला षटकार हवा. या मोसमात हवेत मारलं नाहीस तर करार संपला.”

“मग मार की,” मी म्हणालो.

“उचलायला जाते तर मनगट आपोआप खाली वळतं, काका.”

“वळणारच,” लाभुबेन म्हणाली. “यांनी बेसनात मुरवलंय ते.”

“म्हणजे आता मीच गुन्हेगार?”

“काका, मला इथंच मारून बघायचंय. तुमच्या शटरवर.”

“कधी?”

“दुपारी. एरवी गल्लीत जागा कुठंय?”

मी सरळ ‘नाही’ म्हणालो. सकाळी ये, गाठिया खा, कच्च्या पपईचा संभारो खा, जीव माग, पण झोप मागू नकोस. जलपा उठली. कानजीभाई दारात उभे होते. त्या माणसानं उभ्या आयुष्यात कुणाकडे काही मागितलं नव्हतं. तेव्हाही मागितलं नाही.

“असू दे, गिरधरभाई,” ते म्हणाले. “मशीन आहेच. बसेल माझ्यापाशी.”

माझं डोकंच फिरलं. “हिला बटण लावता येत नाही, कानजीभाई. असलेलं गिऱ्हाईकही पळवून लावाल.”

दुसऱ्या दिवशी एक वाजला. मी शटर पार खाली ओढलं, बाहेर उन्हात खुर्ची टाकली, जलपाला हाक मारली आणि वरच्या पाटीकडे बोट दाखवलं. “त्या पाटीवर मार.”

कानजीभाईंनी बॉल टाकला. सरपटत गेला. पुन्हा टाकला. पुन्हा सरपटत.

“कुणाला घाबरतेस गं?”

“तुम्हाला.”

“मी जागा आहे. डोळे बघ माझे. मार आता.”

तिनं बघितलं, अगदी निरखून. आणि पुढचा बॉल पाटीवर असा बसला की कापडवाला जयंतीभाई बनियनवर बाहेर आला आणि माझ्याच सात पिढ्या मोजू लागला. मी त्याला दुप्पट ऐकवलं. त्या वैशाखात आमची गल्ली झोपली नाही. सगळ्यांचे डोळे लाल, तोंडं वाकडी. मी मिरच्या मागणाऱ्याला पपई बांधून दिली. पाटीला पोचे पडून पडून माझं नाव वाचता येईना. पण मनगट सुटलं होतं.

तिची लीगची मॅच दुपारचीच होती, परगावी. माझ्या काउंटरवर टीव्ही, आणि सगळ्या गल्लीची शटरं वर. शेजारच्या गल्लीतल्या कुणी बघितलं असतं तर आम्हाला वेड लागलं समजलं असतं. शेवटचा बॉल आणि पाच धावा हव्या. चौका पुरणार नव्हता. समोर आमची जलपा. कानजीभाईंनी डोळे मिटून घेतले. बॉल उठला, टीव्हीच्या चौकटीबाहेर गेला आणि लोकांत जाऊन पडला. गल्लीनं शटरं खाली ओढून हातांनी बडवली. भर दुपारी. मीसुद्धा बडवलं, आणि रडलो, लपवण्यासारखं काय आहे त्यात.

संध्याकाळी तिचा फोन आला. करार वाढला होता. बापलेक बराच वेळ बोलले, मग तिनं फोन मला द्यायला सांगितलं.

“काका, बॉल वर गेला ना, तेव्हा मी थांबले होते.”

“कशाला?”

“तुमच्या शिव्यांची वाट बघत. त्या आल्याच नाहीत. लोक ओरडत होते, ते आनंदानं, हे कळायला मला वेळ लागला.”

मी वरच्या पोचे पडलेल्या पाटीकडे बघितलं.

“घरी ये,” मी म्हणालो. “दुपारी ये. जागा राहतो.”