टेकलं, बसलं, आपटलं

माझ्या नणदेच्या यजमानांइतकी विमानं आख्ख्या जगात कुणी उतरवली नसतील. तीही चिकलठाण्याच्या विमानतळासमोरच्या आपल्या गच्चीवरून, प्लास्टिकच्या खुर्चीत बसून. स्वतः विमानात कधी पाय ठेवला नाही. जन्मभर पैठणच्या रस्त्यावर एसटी चालवली, आणि तेवढ्या भांडवलावर आभाळातल्या समस्त ड्रायव्हरांचे परीक्षक झाले. मोठ्या विमानांना ते मोजतच नसत. "त्यात काय वैनी, ते आपल्या वजनानं येतं. खरी कला ह्या लहान्यांची." एखादं चिमणीएवढं खासगी विमान खाली येताना दिसलं की भाऊजींचा चहाचा कप ओठापाशीच थांबायचा. चाकं अलगद लागली तर "टेकलं", दणका बसला तर "बसलं", आणि उडी मारली तर सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं "आपटलं!" एकदा एका शेटजींचं विमान चाकं न उघडताच पोटावर घसरत गेलं. माणसं सुखरूप बाहेर आली, मग हे म्हणाले, "पाय घरीच विसरून आला व्हय!" "टेकलं" मात्र त्यांच्या तोंडून मी फार तर दोनदा ऐकलं असेल.

आणि मग त्यांची सख्खी नातच विमान शिकायला लागली. ती पहिल्यांदा एकटीनं उतरवणार, त्या सकाळी मी गच्चीवरच होते. भाऊजींची दाढी केलेली, सदरा इस्त्रीचा. चहासुद्धा नको. विमान आलं, जमिनीला लागलं, चेंडूसारखं उडालं, पुन्हा दाणकन लागलं आणि कडेच्या गवतात नाक खुपसून थांबलं. भाऊजी खुर्ची सोडून कठड्याशी गेले. मग दार उघडलं, पोरगी बाहेर आली, आमच्या दिशेनं हात हलवला.

"टेकलं!" भाऊजी ओरडले. "वैनी, टेकलं का नाय?"

"व्हय, टेकलं," म्हटलं. दुसरं काय म्हणणार! तेवढ्यात ते जिन्याकडं जे धावले, ते शेवटच्या चार पायऱ्या न मोजताच खाली पोचले.

संध्याकाळी नात आली. तिच्या कपाळावर बोटभर पट्टी, आजोबांचा पाय मांडीपर्यंत प्लास्टरात. तिनं त्या पायाकडं नीट पाहिलं नि निकाल दिला, "आबा, आपटलं."

पाय जुळला, पण जिना कायमचा सुटला. आता ते खाली दाराशी बसतात. तिथून हातभर आभाळ दिसतं, धावपट्टी नाही. नातीचं विमान वरून गेलं की डोळे मिटून कान देतात, आणि आवाज विरला की हळूच म्हणतात, "टेकलं."

परवा मी छेडलंच, "भाऊजी, दिसलं कुठं तुम्हाला?"

"दिसत नाय म्हणूनच तर, वैनी," ते म्हणाले, "दुसरं काही म्हणवत नाय."