ह्यांचं गणित

आमच्या गल्लीत गणिताची पदवी असलेला माणूस एकच, आमचे हे. आणि ह्यांचं चष्म्याचं दुकान आहे, यातच सगळं आलं.

दरवर्षी निकाल लागले की आईबाप पोरांना घेऊन दुकानात येतात. निमित्त फ्रेम बघायचं, विचारायचं असतं वेगळंच: गणित घेतलं तर पुढे काय? हे काच घासायचं चाक थांबवतात, हात पुसतात आणि खरं ते सांगतात. तीन वर्षांत भागत नाही, पाच धरा. त्यापुढेही शिकायची तयारी असेल तर विमा कंपन्या आहेत, बँका आहेत, कॉम्प्युटर आहे, शिकवणं तर आहेच. "आणि मध्येच थांबलं तर?" असं कुणी विचारलं, की हे नुसते दुकानाकडे हात करतात. लोक दुकान बघतात, पोराकडे बघतात आणि त्याला दुसरीकडे घालतात. मी गल्ल्यावरून कितीदा सांगितलं, थापा मारू नका, पण जरा गोड तरी बोला. ऐकतील तर शपथ.

वास्तविक गरज होती ती ह्यांनाच. एक जरी पोर गणिताला गेलं असतं, तर ह्यांना बोलायला माणूस मिळालं असतं. दुकान माझ्या वडिलांचं. पदवी घेऊन हे अर्ध्या पगारावर शिकवत होते, पुढे शिकायला पैसा नव्हता. वडिलांनी मुलगी आणि दुकान एकदमच गळ्यात बांधलं.

लग्नानंतर पहिल्या वर्षी दुकान बंद केलं की हे मला समजावत बसायचे. मूळ संख्या म्हणे कधीच संपत नाहीत, आणि ते सिद्धही करता येतं. बोलताना चेहरा असा उजळायचा की मी बघतच राहायचे. कळायचं शून्य. मी आपली "हं… हं" करायचे. एकदा ह्यांनी मुद्दाम काहीतरी चुकीचं घुसडलं आणि मी त्यालाही हं म्हटलं. हे हसले, रागावले नाहीत. पण बोलणं बंद झालं ते कायमचं. त्या चेहऱ्यासाठी मी इतकी वर्षं झुरले, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

दोन वर्षांपूर्वी माझी धाकटी नणंद लेकीला घेऊन आली. लेकीला गणिताला प्रवेश मिळाला होता, लांबच्या गावी. आणि इथेच, घराजवळ, कॉम्प्युटरच्या कोर्सलाही, जिथून पोरं थेट नोकरीत जातात.

"दादा, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागलीये ही," नणंद म्हणाली. "तूच सांग तिला."

मी मनात म्हटलं, घरचीच पोर आहे, आता तरी एकदा खोटं बोला. ह्यांनी हात पुसले.

"मामा, तुम्हाला काय मिळालं ते सांगा," पोरगी म्हणाली. "खर्च आणि फायदा, दोन्ही."

"खर्च म्हणजे घरातली सगळी शिल्लक. शिवाय तीन वर्षांचा न मिळवलेला पगार. तो लोक धरत नाहीत, पण धरायचा. फायदा म्हणजे शिकवायची नोकरी, अर्ध्या पगाराची. पुढे हे दुकान मिळालं, पण ते काही पदवीमुळे नाही."

"आणि मामींना कुठे मांडलंत?"

हे गडबडले. "ती हातची. हातचा उत्तरात लिहीत नाहीत."

"वर बारीक अक्षरात लिहितात आणि काम झालं की खोडतात," मी म्हटलं. "एवढं मलाही येतं."

नणंद हसली. हे हसले नाहीत. पोरीला म्हणाले, "नुसते आकडे बघशील तर जाऊ नकोस. तोटाच दिसेल." मग फडक्याची घडी घालत हळूच म्हणाले, "मला पुन्हा विचारलं तर मी पुन्हा जाईन. पण त्याला हिशेब म्हणत नाहीत."

पुन्हा गेले तर पुन्हा ह्याच दुकानात येतील का, हे मात्र मला विचारवलं नाही.

पोरगी गणितालाच गेली. दर रविवारी फोन करायची, अडलेलं विचारायची आणि हे समजावायचे. तोच चेहरा परत आला. माझ्यासाठी नव्हता, पण गल्ल्यावरून दिसायचा. मी तेवढ्यावर भागवलं.

परवा फोन आला तेव्हा एक आजोबा नंबर काढायची जड फ्रेम नाकावर चढवून बसले होते. ह्यांनी फोन मोठ्या आवाजावर काउंटरवर ठेवला. पोरगी काहीतरी नवीन शिकली होती, भरभर सांगत सुटली. हे आधी मध्येमध्ये विचारत होते. मग विचारणं थांबलं. जरा वेळाने माझ्या कानावर आलं, "हं… हं."

पैसे मोजता मोजता माझा हात थांबला. तो हं माझा होता. कळत काही नसतं, पण समोरच्याने बोलायचं थांबू नये म्हणून म्हणतो, तो. ह्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि बघतच राहिले.

"किती वेळ बसायचं अजून?" आजोबांनी विचारलं. मी त्यांना हातानेच थांबवलं.

"मामा, कंटाळलात का?" पोरीने विचारलं. "ठेवू फोन?"

"नको," हे म्हणाले. नजर माझ्यावरच होती. "मला कळत नाहीये. पण तू बोलत राहा."